माणूस निघालाय

रात्री दोन वाजता महापेच्या एमआयडीसीत
मी कानाला हेडफोन लावून बसते.
पडद्यावर ठिपके: ऐरोली, घणसोली, खारघर, उलवे.
एक ठिपका म्हणजे एक लिफ्ट.
तांबडा झाला, की आत कुणीतरी आहे.

कंपनीनं वाक्यं दिलीत, लॅमिनेट करून.
पहिलंच: "घाबरू नका."
आठवड्याभरात कळलं,
ते ऐकेपर्यंत निम्मी माणसं घाबरलेली नसतात.
"काळजी करू नका" त्याहून वाईट.
आणि "लवकरच" तर मी बादच केला,
तो टँकरवाल्याच्या तोंडचा शब्द.

मग रिकाम्या तासांत मी बाकीचे शब्द तपासून पाहिले.
हमी मिळते दोन वर्षांची, सुटे भाग सोडून.
खात्री ज्याची त्यानं करून घ्यायची.
दिलासा पेपरात असतो,
कोर्टाकडून, अंशतः, पुढच्या तारखेपर्यंत.
धीर बरा वाटला होता.
पण द्यायचा तर तो आधी आपल्याजवळ लागतो,
आणि पगार होतो सात तारखेला.
राहता राहिलं आश्वासन.
ते कोपरखैरण्याच्या नाक्यावर
फ्लेक्सवर हात जोडून उभं,
एका कोपऱ्यात फाटलेलं, वाऱ्यानं फडफडणारं.

परवा सीवूड्सचा ठिपका तांबडा झाला.
अकरावा आणि बारावा, यांच्या मध्ये.
"नाव सांगता?"
"वाळंज. दत्ताराम वाळंज.
औषध आणायला उतरलो होतो. दमा आहे.
पंप आहे खिशात, पण हलवला तर हलका लागतोय."

कार्डावर यासाठी वाक्य नव्हतं.
पाच मिनिटं म्हणाले असते, सगळे म्हणतात.
मी म्हटलं, "जयेंद्र भोईर उरण फाट्यावर आहे.
पंचवीस मिनिटं लागतील. माणूस निघालाय."
"नक्की निघालाय?"
"बाईकला किक मारलेली मी ऐकली."

मग दोघांकडलं बोलणं संपलं.
त्यांचा श्वास तेवढा येत राहिला,
बारीक शिट्टी घातल्यासारखा,
मध्येच अडणारा, पुन्हा सुरू होणारा.
"बाई, आहात ना?"
"आहे."
"बोललंच पाहिजे असं नाही. लाईन तेवढी ठेवा."
"हं."

काय करावं सुचेना, म्हणून डबा उघडला.
"कसला आवाज?"
"डबा. जेवायची राहिलेय."
"काय आणलंय?"
"सुकट. तांदळाची भाकरी."
ते हसले. हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याचा पुन्हा श्वास, आधीपेक्षा जरा लांब.
"आमच्या हिला वास चालत नाही.
खा तुम्ही. सावकाश खा."

मी खाल्लं. मुद्दाम आवाज करत,
आईनं पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता.
कांदा कचकन चावला.
पाण्याच्या बाटलीचं झाकण दोनदा फिरवलं.
जेवायला बसलेलं माणूस उठून जात नाही,
एवढं तिकडे कळावं म्हणून.
शिट्टी हळूहळू बसत गेली.

आणि भाकरीचा तुकडा हातात असताना दिसलं:
त्या नाक्यावरच्या शब्दात कुणीतरी अडकून आहे.
आ आणि न, यांच्या मधल्या मजल्यावर,
श्वास.
किती वर्षं झाली असतील,
आत बटण दाबतोय,
आणि बाहेर आम्ही फ्लेक्स बदलतोय.

"काका, दारापासून मागे सरका."
जयेंद्रचा आवाज. लोखंडावर लोखंड.
मग पावलं, कुणाचं तरी "अहो, कुठे होतात तुम्ही",
आणि लाईन गेली.
आभार वगैरे काही नाही. बरं झालं.
ठिपका हिरवा झाला.

पहाटे नोंद करायची असते.
वेळ: एकतीस मिनिटं. सहा जास्तीची लागली, तीही लिहिली.
शेवटचा रकाना: ग्राहकास दिलेले आश्वासन.
बोटांना अजून वास होता.
मी लिहिलं, सुकट-भाकरी.

सुपरवायझरनं खाली लाल रेघ मारलीय,
बाजूला प्रश्नचिन्ह.
मी अजून खोडलेलं नाही.